ब्रिटनमधला पहिला हिवाळा : भाड्याचे घर कमी खर्चात उबदार कसे ठेवावे

नाशिक जिल्ह्यातील निफाडला पारा पाच अंशांखाली उतरला की त्याची बातमी होते. लंडनमध्ये जानेवारीतील रात्रीचे सरासरी किमान तापमान दोन-तीन अंशांच्या आसपास असते; म्हणजे आकड्यांपुरते पाहिले तर दोन्हींत फार अंतर नाही, आणि म्हणूनच महाराष्ट्रातून प्रथमच ब्रिटनला येणारा माणूस ‘एवढी थंडी आम्हीही पाहिली आहे’ असे म्हणून निश्चिंत राहतो. फरक कळतो तो दुपारी. निफाडला सकाळी दहा-अकराला अंगणात ऊन येते, भिंती तापतात आणि स्वेटर खुंटीला जातो. लंडनमध्ये दुपारचा पारा सात-आठ अंशांवरच अडतो, डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो आणि हा प्रकार नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो. आपल्याकडची घरे उष्णता बाहेर टाकण्यासाठी बांधलेली असतात आणि थंडीचे चार दिवस गोधडीत निघून जातात. इथे मात्र घरातील ऊब ही युनिटच्या हिशेबाने विकत घ्यावी लागणारी वस्तू आहे.

एकदा ती विकत घ्यायची आहे हे मान्य केले की प्रश्न सोपा होतो. ती कोणत्या इंधनातून स्वस्त मिळते, घरात ती कुठे खर्ची पडते आणि कोणत्या फटीतून रस्त्यावर जाते, एवढेच पाहायचे असते. नवख्या माणसाची चूक बहुधा उलट्या दिशेने होते : तो आधी बाजारातून विजेचा हीटर आणतो, बिल पाहून घाबरतो, मग हीटिंग पूर्ण बंद करतो आणि फेब्रुवारीत भिंतीवर काळी बुरशी घेऊन बसतो. पुढील सूचना भाड्याच्या घरात राहणाऱ्या, भिंती फोडण्याची किंवा बॉयलर बदलण्याची मुभा नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि कुटुंबांसाठी आहेत. त्या इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड यांना धरून लिहिल्या आहेत. उत्तर आयर्लंडमधील वीज आणि गॅसचे दर व नियम स्वतंत्र आहेत.

घर ठरवण्यापूर्वी आणि किल्ली मिळाल्याच्या दिवशी

घर पाहायला जाताना स्वयंपाकघर आणि बसस्टॉप यांच्याबरोबर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, घर कशावर तापते : भिंतीवर लटकलेला गॅसचा बॉयलर आणि खोल्यांतून पाण्याचे रेडिएटर आहेत, की विजेचे जाडजूड स्टोरेज हीटर (रात्री ऊब साठवून दिवसा सोडणारे) आहेत, की नुसते भिंतीला लावलेले विजेचे पॅनेल आहेत. दुसरी, घराचे ऊर्जा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘ईपीसी’ म्हणतात. त्यावर ‘ए’पासून ‘जी’पर्यंत श्रेणी असते, ते दहा वर्षे चालते आणि पत्ता किंवा पोस्टकोड टाकून कोणालाही सरकारी नोंदवहीत फुकट पाहता येते. इंग्लंड व वेल्समध्ये काही सवलती सोडल्या तर ‘ई’पेक्षा खालच्या श्रेणीचे घर भाड्याने देता येत नाही, पण ‘ई’ आणि ‘सी’ यांच्यात हिवाळ्याच्या बिलाचा जो फरक पडतो, तो भाड्यातील वीस-पंचवीस पौंडांच्या बचतीला सहज गिळतो. तिसरी गोष्ट म्हणजे नाक आणि डोळे. कपाटाच्या मागे, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात आणि न्हाणीघराच्या छताला काळे ठिपके किंवा नुकताच मारलेला रंग दिसला, तर विचारावे.

व्हिक्टोरियन काळातील विटांच्या सलग घरांचे रूप मोहक असते, परंतु त्यांच्या भिंती एकसंध विटेच्या असतात. दोन भिंतींमध्ये पोकळी ठेवण्याची पद्धत विसाव्या शतकात रूढ झाली. अशा एकसंध भिंतींतून उष्णता बरीच वेगाने निघून जाते. रांगेच्या मधले घर किंवा इमारतीतील मधल्या मजल्यावरचा फ्लॅट यांना शेजाऱ्यांच्या उबेचा फायदा मिळतो. तोच फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर किंवा कोपऱ्यात असला तर तो मिळत नाही. पुण्या-मुंबईत कोपऱ्यावरचा फ्लॅट हवेशीर म्हणून आपण जास्त पैसे देऊन घेतो, इथे तोच विचार उलटा करावा.

किल्ली मिळाल्याच्या दिवशी सामान उघडण्यापूर्वी वीज आणि गॅसच्या मीटरचे आकडे दिसतील असे फोटो काढून ठेवावेत. त्या दिवसापासून आपण आधीच्या भाडेकरूच्याच पुरवठादार कंपनीचे आपोआप ग्राहक होतो, म्हणून तिला नाव, तारीख आणि हे आकडे लगेच कळवावेत. हे राहून गेले तर अंदाजाने काढलेले बिल येते आणि दुसऱ्याचे युनिट आपल्या माथी बसू शकतात. आमच्या पहिल्या घरात हेच घडले. फोटो नव्हता, आणि तीन महिने पत्रव्यवहार करावा लागला. बिल आपल्या नावावर असेल तर पुढे पुरवठादार बदलण्याचा हक्क भाडेकरूलाही असतो.

बिल वाचायला शिकणे

महावितरणचे बिल ज्याने वाचले आहे त्याला हे बिल परके वाटणार नाही. युनिट तेच आहे, एक किलोवॉट-तास. आणि ‘स्थिर आकार’ही तसाच आहे, फक्त तो इथे रोजच्या हिशेबाने लागतो. मीटर गॅस घनमीटरमध्ये मोजतो आणि बिलात त्याचे युनिट केले जातात. एक घनमीटर म्हणजे साधारण ११ युनिट. नियामक संस्था ऑफजेम दर तीन महिन्यांनी दरांची कमाल मर्यादा ठरवते. ही मर्यादा युनिटच्या दरावर आणि स्थिर आकारावर असते, एकूण बिलावर नसते. बातम्यांमध्ये सांगितला जाणारा वार्षिक आकडा हा सरासरी वापराच्या घराचा असतो, त्यामुळे ‘मर्यादा आहे, म्हणजे त्याहून जास्त बिल येणार नाही’ हा समज महागात पडतो.

२०२५ सालात या मर्यादेखाली विजेचा युनिट साधारण २५ ते २७ पेन्सला आणि गॅसचा युनिट सहा ते सात पेन्सला पडत होता. स्थिर आकार विजेचा दिवसाला ५० ते ६० पेन्स आणि गॅसचा ३० पेन्सच्या थोडा वर होता. दर बदलत राहतील, पण वीज गॅसच्या सुमारे चौपट महाग आहे, हे प्रमाण लक्षात ठेवावे. या लेखातील निम्मे सल्ले त्या एका प्रमाणातून निघतात.

काही घरांत प्रीपेड मीटर असतो. त्याची किल्ली किंवा कार्ड कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन पैसे भरायचे असतात. यातील खाचखळगा असा की उन्हाळ्यात गॅस वापरला नाही तरी स्थिर आकार साचत राहतो, आणि ऑक्टोबरात पहिल्यांदा भरलेल्या वीस पौंडांतून आधी तो वळता होतो. म्हणून उन्हाळ्यातही थोडे थोडे पैसे भरत राहावे. पैसे संपले तर काही पौंडांची आणीबाणीची रक्कम वापरता येते, परंतु ती उसनी असते. साध्या मीटरवर दरमहा बँकेतून समान रक्कम वळती होण्याची सोय घेतल्यास उन्हाळ्यात जमलेली शिल्लक हिवाळ्यात कामी येते. मात्र स्मार्ट मीटर नसेल तर महिन्यातून एकदा आकडे स्वतः कळवावेत.

बॉयलर आणि थर्मोस्टॅट यांच्याशी ओळख

बहुतेक घरांत गॅसवरचा ‘कॉम्बी’ बॉयलर असतो. तो नळाचे पाणीही तापवतो आणि रेडिएटरमधून फिरणारे पाणीही. त्याच्या दर्शनी भागावर दाबाचा काटा असतो. यंत्रणा थंड असताना तो एक ते दीड बारच्या दरम्यान असावा. तो एकच्या खाली गेला तर बॉयलर बंद पडू शकतो आणि नवखा माणूस मध्यरात्री एजंटला फोन लावतो, जेव्हा की बॉयलरखालची भरणा-नळी उघडून दोन मिनिटांत दाब पूर्ववत करता येतो. ती नळी कुठे आहे आणि कशी वळवायची, हे घर ताब्यात घेतानाच दाखवून मागावे. बॉयलरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. ते काम ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या तंत्रज्ञाचेच आहे.

भिंतीवरचा थर्मोस्टॅट हा पंख्याच्या रेग्युलेटरसारखा वेग वाढवणारा खटका नाही. तो फक्त ‘इतक्या अंशांवर पोहोचल्यावर थांब’ एवढेच सांगतो. बाहेरून कुडकुडत आल्यावर तो ३० वर नेल्याने घर लवकर तापत नाही, फक्त थांबायचे तेव्हा थांबत नाही. दिवसभर बसण्याच्या खोलीसाठी १८ अंश हे किमान तापमान आरोग्य यंत्रणा सुचवतात. वृद्ध, आजारी किंवा लहान मुले असतील तर त्याखाली जाऊ नये आणि २० किंवा २१ ठेवण्यात काही उधळपट्टी नाही. सुरुवात १९ वर करावी, आठवडा काढावा आणि मग अर्ध्या-अर्ध्या अंशाने खाली-वर करून आपल्या घराचा आकडा शोधावा.

‘हीटिंग दिवसभर मंद चालू ठेवले तर स्वस्त पडते’ असे जुने भारतीय रहिवासीही छातीठोकपणे सांगतात. गॅसच्या बॉयलरबाबत ते खरे नाही. घरातून जाणारी उष्णता ही आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. घर जितके तास गरम, तितके तास गळती. कोणी घरात नसताना ते तापवून ठेवण्यात फायदा नाही. टायमर लावून सकाळी उठण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास आणि संध्याकाळी परतण्यापूर्वी तितकाच वेळ आधी हीटिंग सुरू करावे, झोपण्यापूर्वी अर्धा तास बंद करावे. हीट पंप (बाहेरच्या हवेतील उष्णता विजेच्या साहाय्याने आत आणणारे यंत्र) किंवा जमिनीखालच्या नळ्यांचे हीटिंग असलेल्या घरांना हा नियम लागू नाही, कारण ती यंत्रणा सावकाश आणि संथ चालण्यासाठीच केलेली असते.

बहुतेक रेडिएटरच्या खालच्या टोकाला एक ते पाच आकड्यांची चकती असते. तिच्यावरची हिमकणाची खूण म्हणजे केवळ गोठण्यापासून संरक्षण. तीनच्या आसपास साधारण वीस अंशांची खोली मिळते. न वापरल्या जाणाऱ्या खोलीत ती चकती एक किंवा दीडवर ठेवून दार लावून घ्यावे. पूर्ण बंद करू नये, नाहीतर घरातील सगळी वाफ त्या थंड खोलीत जाऊन बसते. ज्या खोलीत थर्मोस्टॅट आहे तेथील रेडिएटर मात्र पूर्ण उघडा ठेवावा. तो बंद केला तर थर्मोस्टॅटला घर थंडच वाटत राहते आणि बॉयलर बाकीच्या खोल्या विनाकारण भाजत बसतो.

रेडिएटर खाली गरम आणि वर गार लागत असेल तर त्यात हवा अडकलेली आहे. हीटिंग बंद करून तो गार होऊ द्यावा, वरच्या कोपऱ्यातील चौकोनी खुंटीत दुकानात पौंड-दोन पौंडांना मिळणारी पितळी किल्ली घालून ती उलट्या दिशेने अर्धा फेरा फिरवावी, खाली फडके धरावे, फुसफुस थांबून पाण्याचा थेंब आला की बंद करावी आणि मग बॉयलरचा दाब पुन्हा तपासावा.

आणखी एक बदल असा आहे की त्याला छदामही लागत नाही, तरी तो क्वचितच कोणी करतो. २००५ नंतर बसवलेले बहुतेक गॅस बॉयलर ‘कंडेन्सिंग’ असतात, म्हणजे धुरातील वाफेची उष्णताही ते परत मिळवतात. पण रेडिएटरमधून परतणारे पाणी सुमारे ५५ अंशांच्या खाली असेल तरच हे नीट साधते. बसवणारे लोक मात्र पाणी ७५-८० अंशांवर लावून जातात. कॉम्बी बॉयलरवरील रेडिएटरच्या चिन्हाचा खटका ६० अंशांच्या आसपास आणावा. रेडिएटर हाताला कमी चटकेल आणि खोली तापायला थोडा जास्त वेळ लागेल, परंतु तेवढ्याच उबेला कमी गॅस जळेल. ज्या घरात गरम पाण्याची वेगळी टाकी आहे तेथे हा प्रयोग करू नये. टाकीतील पाणी ६० अंशांपर्यंत तापले नाही तर त्यात लेजिओनेला नावाचे घातक जिवाणू वाढण्याचा धोका असतो.

घरात गॅस नसेल तेव्हा

शहरातील अनेक लहान फ्लॅटमध्ये स्टोरेज हीटर असतात. आत विटा असलेली ही पेटी रात्री स्वस्त दराच्या सात तासांत तापते आणि दिवसा ती उष्णता सोडते. तिच्यावर दोन खटके असतात. ‘इनपुट’ म्हणजे आज रात्री किती साठवायचे आणि ‘आउटपुट’ म्हणजे आता किती सोडायचे. पुष्कळ लोक रात्री आउटपुट उघडे ठेवून झोपतात, साठा पहाटेच संपतो आणि संध्याकाळी दिवसाच्या महाग दराने ‘बूस्ट’ दाबतात. झोपताना आउटपुट बंद करावे, उद्या गारठा वाढणार असेल तर आज इनपुट वाढवावे, आणि आपल्या मीटरला खरोखरच दोन दर लागू आहेत ना, हे बिलावरून खात्री करून घ्यावे. एकाच दराच्या मीटरवर स्टोरेज हीटर चालवणे हा निव्वळ तोटा आहे.

सुटा विजेचा हीटर विकत घेताना जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. पंख्याचा असो, तेलाचा असो वा सिरॅमिकचा, एका युनिटातून एकाच युनिटाची उष्णता मिळते; ‘कमी विजेत दुप्पट ऊब’ देणारा साधा हीटर अस्तित्वात नाही. दोन किलोवॉटचा हीटर रोज पाच तास चालला तर दिवसाला दहा युनिट, म्हणजे २६ पेन्सच्या दराने महिन्याला ७८ पौंड होतात. तरीही त्याची एक जागा आहे : घरात एकटा माणूस तासभर एका लहान खोलीत अभ्यास करणार असेल, तर सारे घर गॅसवर तापवण्यापेक्षा एक किलोवॉटचा हीटर स्वस्त पडू शकतो. तो नेहमी भिंतीतील सॉकेटला लावावा, एक्स्टेंशन बोर्डाला कधीही नाही, आणि त्यावर मोजे वाळत घालू नयेत.

गळती बुजवणे

एखाद्या वाऱ्याच्या संध्याकाळी उदबत्ती पेटवून घरभर फिरावे. खिडक्यांच्या कडा, दाराचा उंबरा, टपाल टाकायची फट, कुलपाचे भोक, जमिनीच्या फळ्या आणि भिंत यांमधली रेघ, पोटमाळ्याचे झाकण या ठिकाणी धूर आडवा झाला की तिथून आपले पैसे बाहेर जात आहेत असे समजावे. पडदे आणि अंथरूण यांच्यापासून उदबत्ती दूर धरावी, एवढे सांगणे पुरे.

उपाय स्वस्त आहेत आणि घर सोडताना काढून टाकता येतात. खिडकीच्या उघडणाऱ्या कडेला चिकटपट्टीचा फोम लावावा. दाराखाली कापडी लांबोडी ठेवावी, ती विकत घेण्याऐवजी जुन्या लेगिंगमध्ये चिंध्या भरून घरी शिवली तरी तेच काम करते. टपालाच्या फटीला ब्रशचे झाकण मिळते. खिडकीला एकच काच असेल तर आतून पारदर्शक प्लास्टिकची पातळ फिल्म दुहेरी चिकटपट्टीने लावून केस वाळवण्याच्या यंत्राने ताणून घ्यावी. काच आणि फिल्म यांच्यातील हवेचा थर दुसऱ्या काचेसारखा वागतो. ज्या खिडकीतून आगीच्या वेळी बाहेर पडावे लागेल, तिला ती लावू नये. जुन्या घरातील न वापरली जाणारी शेकोटीची जागा ही भिंतीतील उघडी खिडकीच असते. धुराड्यात फुगवून बसवायचा फुगा किंवा लोकरीचा बोळा मिळतो. तो घालण्यापूर्वी घरमालकाला विचारावे आणि घातला आहे अशी चिठ्ठी तिथे लावून ठेवावी. तिथे लाकडे पेटवण्याचा मोह टाळावा, कारण बऱ्याच शहरी भागांत धूरबंदी आहे आणि वर्षानुवर्षे न झाडलेले धुराडे धोकादायक असते.

पडदे जाड, अस्तराचे आणि खिडकीच्या चौकटीपेक्षा रुंद असावेत, ते अंधार पडताच ओढावेत आणि रेडिएटर खिडकीखाली असेल तर पडद्याचा खालचा भाग त्याच्यामागे खोचावा. रेडिएटरवरून लोंबणारा पडदा सगळी ऊब काचेकडे पाठवतो. सोफा रेडिएटरपासून हातभर दूर सरकवावा. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर सतरंजी किंवा गालिचा अंथरावा. चटईने फारसे काही होत नाही. सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल तर पोटमाळ्यावर इन्सुलेशन किती जाड आहे ते घरमालकाला विचारावे. २७० मिलिमीटर हे शिफारस केलेले माप आहे आणि जुन्या घरांत अनेकदा त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकेच असते. हे काम भाडेकरूचे नव्हे, पण पत्र लिहून विचारण्यात काहीच जात नाही.

एका गोष्टीला मात्र हात लावू नये : खिडकीच्या वरची बारीक झडप, भिंतीतील जाळीची वीट आणि गॅसचे उपकरण असलेल्या खोलीतील वायुवीजनाचे भोक. तेथून गार वारा येतो हे खरे, परंतु घरातील हवा खेळती राहावी यासाठीच ती ठेवलेली असतात.

ओल, बुरशी आणि आपले स्वयंपाकघर

मराठी घरात इतरांपेक्षा वाफ जास्त तयार होते, हे मान्य करायला हवे. कुकरच्या चार शिट्ट्या, वरणाचे आधण, दोन वेळचा चहा, सकाळची बादलीभर गरम पाण्याची आंघोळ आणि बाहेर पाऊस म्हणून खोलीत दोरीवर वाळणारे कपडे. एकेका धुण्यातूनच लिटर-दोन लिटर पाणी हवेत जाते. मुंबईत ते खिडकीतून निघून जाई. इथे खिडक्या बंद असतात, आणि ती वाफ सर्वांत गार पृष्ठभाग शोधून तिथे पाणी होऊन बसते : खिडकीच्या काचेवर, बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटामागे, पलंगाखाली ठेवलेल्या बॅगांवर. तिथे बुरशी धरते. ओल्या भिंतींतून उष्णता जास्त सहज निघून जाते, म्हणजे ओलीचा संबंध थेट बिलाशीही आहे.

स्वयंपाक करताना झाकण ठेवावे, चिमणीचा पंखा लावावा आणि दार बंद ठेवावे. फोडणीचा वास कोटांना लागू नये म्हणून आपण हे तसेही करतो. आंघोळीनंतर न्हाणीघराचा पंखा किमान पंधरा-वीस मिनिटे चालू द्यावा. पंखा अडकला असेल तर घरमालकाला लगेच कळवावे. सकाळी समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा मिनिटे सताड उघडाव्यात. यात ऊब वाया जाते असे वाटते, पण हवेत मावणारी उष्णता थोडी असते, खरी ऊब भिंती आणि सामान यांत असते; दहा मिनिटांत हवा बदलते, भिंती गार होत नाहीत. दिवसभर एक खिडकी बोटभर उघडी ठेवणे त्यापेक्षा वाईट. काचेवरचे पाणी रोज सकाळी फडक्याने पुसून ते फडके खोलीत न वाळवता मोरीत पिळावे.

कपडे वाळवण्यासाठी एकच खोली ठरवावी, तिचे दार बंद आणि खिडकी किलकिली ठेवावी. दोनतीनशे वॉटचा डिह्युमिडिफायर घेता आला तर हिवाळ्यातील ती सर्वांत शहाणपणाची खरेदी ठरते. तो हवेतून पाणी ओढतो आणि वापरलेली वीज उष्णता म्हणून खोलीतच परत देतो. हवेतील आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र दहा पौंडांच्या आत मिळते. आकडा ४० ते ६० टक्क्यांत राहावा. कपाटे बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावीत.

एवढे करूनही भिंत ओली राहत असेल तर दोष आपल्या कुकरचा नाही. गळकी पन्हळ, फुटलेला नळ किंवा जमिनीतून चढणारी ओल ही घरमालकाची जबाबदारी आहे. ‘तुम्ही जास्त स्वयंपाक करता’ हे उत्तर स्वीकारू नये. २०२० मध्ये रॉचडेल येथे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातील बुरशीमुळे दगावला. त्याच्या कुटुंबालाही त्यांच्या राहणीकडे बोट दाखवून वाटेला लावले जात होते. त्याच्या नावाचा कायदा २०२५ च्या ऑक्टोबरपासून इंग्लंडमधील सामाजिक गृहसंस्थांच्या (कौन्सिल आणि ना-नफा संस्था कमी भाड्याने देतात त्या) घरांना लागू झाला असून त्यात गंभीर ओल-बुरशीची पाहणी आणि दुरुस्ती ठरावीक मुदतीत करणे बंधनकारक आहे.

माणूस तापवणे

खोलीपेक्षा माणूस तापवणे केव्हाही स्वस्त. शंभर वॉटचे विजेचे अंथरूण तासभर चालले तर तीन पेन्सांच्या आत खर्च येतो. पांघरुणाची ऊब इथे ‘टॉग’मध्ये मोजतात, हिवाळ्यासाठी साडेतेरा टॉगची दुलई घ्यावी आणि घरून आणलेली गोधडी तिच्यावर टाकावी. रबरी पिशवीत उकळते पाणी भरू नये, आणि तिच्या गळ्याजवळचे फुलासारखे चिन्ह पाहावे. त्यात ती कोणत्या वर्षी बनली ते लिहिलेले असते. दोन-तीन वर्षांपेक्षा जुनी पिशवी टाकून द्यावी. तान्ह्या बाळाबाबत आजीचा सल्ला थोडा बाजूला ठेवावा लागतो : इथे बाळाच्या खोलीसाठी १६ ते २० अंश सांगतात, आणि झोपलेल्या बाळाला कानटोपी, सुटी पांघरुणे किंवा गरम पाण्याची पिशवी अजिबात चालत नाही.

शेगडी, कोळसा किंवा उघडा ठेवलेला गॅसचा ओव्हन यांनी खोली तापवणे जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. बॉयलर असलेल्या खोलीत त्याची सूचना देणारी घंटा असली पाहिजे, आणि ती महिन्यातून एकदा बटण दाबून तपासावी. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटणही न दाबता बाहेर पडून ०८०० १११ ९९९ या क्रमांकावर फोन करावा.

घरमालक, मदत आणि व्हिसा

इंग्लंडमध्ये १९८५ च्या आणि वेल्समध्ये २०१६ च्या कायद्यानुसार हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. गॅसच्या उपकरणांची तपासणी त्याने दरवर्षी करून तिचा दाखला भाडेकरूला दिला पाहिजे. बिघाड फोनवर कळवला तरी त्याच दिवशी फोटोसह ईमेलही करावा. दाद मिळाली नाही तर स्थानिक कौन्सिलकडे जाता येते, आणि काय लिहावे हे ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ संस्था विनामूल्य सांगते. स्कॉटलंडमध्ये कायदे वेगळे असले तरी घरमालकाची मूळ जबाबदारी तीच आहे.

बिलावरील सरकारी सवलतींपैकी बहुतेक, उदाहरणार्थ १५० पौंडांची ‘वॉर्म होम डिस्काउंट’, ठरावीक सरकारी भत्ते मिळणाऱ्यांनाच असतात. विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावर ‘सार्वजनिक निधीचा लाभ नाही’ अशी अट असते आणि तिचा भंग पुढच्या व्हिसाला अडचणीचा ठरू शकतो, म्हणून भत्त्याचा अर्ज विचारपूस केल्याशिवाय भरू नये. मात्र पुरवठादार कंपनीकडील ‘प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टर’, म्हणजे जास्तीच्या मदतीची गरज असलेल्या ग्राहकांची यादी, हा भत्ता नव्हे. घरात पाच वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री, आजारी किंवा भेटीला आलेले वृद्ध आई-वडील असतील तर त्यात नाव घालण्यासाठी विचारावे. बिल थकण्याची चिन्हे दिसताच, थकल्यानंतर नव्हे, कंपनीला फोन करून हप्ते मागावेत; परवडतील असे हप्ते देण्याविषयी बोलणे हे तिच्यावर नियमाने बंधनकारक आहे. विद्यार्थ्यांसाठी दिवसभराची फुकट ऊब म्हणजे ग्रंथालय.

डिसेंबरात मायदेशी जाताना

नाताळच्या सुट्टीत तीन-चार आठवड्यांसाठी घरी जाणारे अनेकजण हीटिंग बंद करून, जमल्यास मुख्य स्विचही पाडून विमानतळ गाठतात. मागे पारा शून्याखाली गेला तर नळ्यांतील पाणी गोठते, नळी फुटते आणि बर्फ वितळल्यावर घरात पाणी होते. हीटिंग बंद करू नये. थर्मोस्टॅट १२ ते १५ अंशांवर ठेवून खोल्यांची दारे उघडी ठेवावीत, पाण्याचा मुख्य नळ कुठे आहे हे शोधून तो शक्य असल्यास बंद करावा आणि एखाद्या शेजाऱ्याकडे किल्ली ठेवावी. शेजाऱ्याला एवढे सांगून ठेवावे की कडाक्याच्या थंडीत बॉयलर गुरगुर करून बंद पडला तर बहुधा बाहेरच्या भिंतीवरची पांढरी प्लास्टिकची निचरा-नळी गोठलेली असते; तिच्यावर कोमट पाणी ओतावे, उकळते नव्हे, आणि मग बॉयलरचे रीसेटचे बटण दाबावे. निघण्यापूर्वी मीटरचा फोटो काढावा. परतल्यावर पुन्हा एक काढावा, म्हणजे रिकामे घर नुसते जपून ठेवायला किती युनिट लागतात तेही कळते.